कळा मलाबी आल्या व्हत्या

—न्हाय न्हाय, उठवू नगा तिला, आत्ताशी डोळा लागलाय. लेकरू बी झोपलंय. बसा की सिस्टर, हितं बसा — ती खुर्ची नगं, डुगडुगती ती, ह्या बाजेवर बसा. आत्याबाई दळण घेऊन गेल्यात गिरणीवर, लाईट हाय तवर दळून आणते म्हणल्या. बरंच हाय म्हणा, त्या असत्या तर तुमाला बोलूच दिलं नसतं, आधी पायाच पडल्या असत्या. हसताय काय? खरंच पडतील. आमच्यात काय झालंय ते तुमाला कुठं म्हाईत! ऋषी भावजींनी — माझा दीर ओ, तुमच्या बाळंतिणीचा नवरा — त्यांनी घरात सांगितलं की बारामतीच्या त्या केंद्रात बाळंतपण डॉक्टर न्हाय करत, मिडवाईफ करती, म्हणजे तुमी. आता आमच्या सासूबाईंनी काय ऐकलं? मेडवाई! सटवाई, मरीआई, तशी मेडवाई. पाचवीच्या दिवशी पाटा मांडला, सटवाईचा निवद ठेवला, आन् शेजारी आणिक एक पान वाढलं. मी म्हणलं, आत्याबाई, हे कुणाचं? तर म्हणल्या, मेडवाईचं, तिनंच सोडवली माझ्या सुनंला. पुरणपोळी, वर तुपाची धार. सांगायला पायजे व्हतं, मोठी सून मी ह्या घरची — पण म्हणलं, खाऊ दे कुणीतरी. माझ्या येळेला पाचवी दवाखान्यातच गेली. सलाईन लावून पडले व्हते मी. सटवाईला तरी कुठं ठावं, कुठल्या मजल्यावर जायचं ते!

घ्या, च्या घ्या. गवती चहा घातलाय. एक इचारू का तुमाला? माझं न्हाय — माझं माहेर भिगवण, तितं आमच्या शेजारची एक बाई हाय, तिचं इचारते. तिचं पहिलं शिजर झालेलं. आता दुसऱ्यांदा दिवस गेल्यात तिला. तर ती बिचारी मला फोनवर म्हणली, तुझ्या जावंचं लई छान झालं म्हणं, तर इचारून ठेव की — शिजर झालेल्या बाईला घेत्यात का तितं? तसंच व्हतं का मग, हिच्यासारखं, नॉर्मल? — थांबा थांबा, लगीच नगा सांगू, आधी च्या घ्या, गार व्हतोय. काय घाई न्हाय त्या बाईला. आपलं सहज.

नॉर्मल म्हणत्यात बघा त्याला. शबुद बी कसला काढलाय! फोन आला की पहिलं तेच — नॉर्मल का शिजर? पोरगं का पोरगी हे मागनं. आमच्या संस्कृतीला, माझ्या जावंला, मुलगी झाली, पण कुणी नाक मुरडलं का? एकानं न्हाय. कारण काय? तर नॉर्मल झाली! गावातनं, आख्ख्या कन्हेरीतनं बायका येत्यात, लेकराला टोपडं देत्यात, कुंची देत्यात, आन् म्हणत्यात, वा गं पोरी, आजकालच्या मुलीत असली हिंमत न्हाय बघाया मिळत. आन् मी तितंच उभी असती, च्याचा ट्रे धरून. मला बी मुलगीच हाय, श्रिया, साळंत गेलीया आता. ती काय ॲबनॉर्मल झाली व्हय? भावजींनी स्टेटस ठेवलं मोबाइलवर — ‘माझी वाघीण’. फोटो हिचा, लेकरू छातीवर, केस इस्कटल्यालं. सगळ्या पावण्यारावळ्यांनी हात जोडलं, हार्ट पाठवली. आमच्या ह्यांनी बी पाठवलं. वर जेवताना म्हणत्यात कसं, संस्कृतीनं नाव काढलं बरं का घराण्याचं! मी भाकरी वाढत व्हते. म्हणलं, ती वाघीण, मग मी कोण ओ, शेळी? तर हसले. त्यांना वाटलं मी चेष्टा करतीय. इंद्रजित त्यांचं नाव, पण इंद्राची अक्कल न्हाय.

तुमी म्हणाल, ही बाई जळती जावंवर. जळती म्हणजे — न्हाय ओ, लाडकी हाय माझी. निमगाव केतकीची पोर, बीएस्सी झालेली, तरी शेण काढायला लाजत न्हाय. मला ताई ताई करती. वाईट हाय का ती? वाईट असती तर बरं झालं असतं. वाईट माणसावर जळायला कसं मोकळं असतंय, चार शिव्या दिल्या की गार वाटतंय. हिला काय द्यायच्या शिव्या? हिनं तर बाळंतपणाला आत घ्यायला आईला न्हाय बोलावलं, मला बोलावलं. आईला रगत बघवत न्हाय म्हणली, ताई, तुमीच या. तुमीच तर म्हणला व्हता, नवरा आन् आणिक एक बाई, एवढीच माणसं आत. मी गेले. का गेले? बघायला गेले. खरं सांगते. मला बघायचं व्हतं, ते कसं असतंय.

हे बघा, वास येतोय का? लाडवाचा. डिंक तळलाय सकाळी. खारीक, आळीव, खोबरं, गावरान तूप — आत्याबाईंनी इंदापूरच्या बाजारातनं डिंक आणवला खास. वळतं कोण? मी. रोज. बाळंतिणीला सकाळी दोन, संध्याकाळी दोन. बाजंखाली शेगडी, तिच्यावर ओवा, बाळंतशेपा, धुरी. अंगाला तेल लावायला बाई लावलीया. आन् माझ्या बाळंतपणाला? टाकं हायत! टाकं हायत म्हणून तूप नगं, पू व्हईल. टाकं हायत म्हणून लाडू नगं. टाकं हायत म्हणून शेक न्हाय, तेल न्हाय, पोट बांधायचं न्हाय. मूगडाळीचं पाणी पी आन् पड. मी काय म्हणत न्हाय, त्यांना जसं वाटलं तसं त्यांनी केलं, पण आत्याबाई तवा परातीत भाकरी थापत म्हणल्या — आवाज काय बारीक केला नव्हता — म्हणल्या, हिला कशाला बाळंतिणीचं लाड, ही कुठं बाळंत झाली? हिचं तर पोट फाडून काढलंय. कळा सोसल्याबिगर का कुणी आई व्हतं!

सिस्टर, मला कळा आल्या व्हत्या.

तुमाला सांगते, कुणाला पटत न्हाय. पहाटंपासनं येत व्हत्या. अख्खा दिस. दवाखान्याचं नाव घेत न्हाय मी, कशाला घ्यायचं — पण तितं टेबलावर उताणं पाडलं, हाताला सलाईन, पोटाला पट्टा, उठायचं न्हाय, कुशीवर व्हायचं न्हाय, पाण्याचा घोट न्हाय. आई बाहेर, सासू बाहेर, हे बाहेर. आपल्या माणसातलं कुत्रं बी न्हाय आत. ओरडले तर एक बाई म्हणली, तवा न्हाय का ओरडलीस? आता काय ओरडतीस! — तुमी खाली बघू नगा, तुमी थोडंच म्हणला? आमची म्हैस व्याया लागली की गोल गोल फिरती, बसती, उठती, आमी तिला दावं सैल करून देतो, लांब उभं ऱ्हातो. जनावराला बी एवढं कळतंय आमच्यात. आन् मी पट्टा लावून उताणी. मग संध्याकाळी एकाएकी पळापळ, लेकराचं ठोकं कमी झालं म्हणाले, न्हेलं आत. पाठीत सुई. हिरवा पडदा. रडल्याचा आवाज आला तर मला वाटलं शेजारच्या बाईचं लेकरू रडतंय. मग एकीनं लांबनंच दाखवलं, मुलगी हाय बघा, आन् गेली घेऊन. काचंच्या पेटीत. मी तिला हातात घेतलं ते दुसऱ्या दिवशी सांजच्याला. तवर तिला सगळ्यांनी घेतलं व्हतं. आत्याबाईंनी, ह्यांनी, भावजींनी, बघायला आलेल्या शेजारणींनी. मी शेवटची. म्हणजे कळा बी माझ्या आन् टाकं बी माझं, दोन्ही सोसलं — पण नाव कशाचं? टाक्याचं. कळांचा कुणी हिशेबच धरला न्हाय. उलट बायका म्हणाल्या, बरं झालं बाई, सुटलीस, बिनकळांची झालीस.

म्हणून इचारते मी, म्हणजे ती बाई इचारती, की एकदा पोट उघडलं की संपलं का सगळं? का आणिक एकदा — घरच्यांना तर तिनं सांगितलंच न्हाय अजून. सांगितलं की संपलं. तिची सासू उद्या गुरुजीकडं जाईल पंचांग उघडायला, चांगला दिवस, चांगली घटका, गुरुपुष्य गाठा म्हणंल. डॉक्टरला तारीख देतील, ह्या दिवशी काढा. लग्नाला मांडव घालत्यात तसं. कळा यायच्या आधीच. तसं नगं मला. काल डिंकाचा एक लाडू खाल्ला चोरून, कोठीत उभी ऱ्हाऊन, दार लावून — म्हणलं गेल्या येळंचा ऱ्हायला व्हता, खाऊन घेऊ — तर लगीच भडाभडा ओकले. तिसरा सरत आला तरी उलट्या काय थांबंनात माझ्या —

तिच्या. त्या बाईच्या.

काय बघताय असं? ...बघा बाई. बघा. एवढं शिकलेली तुमी, मी बाजंवर बसताना पोटाखाली हात लावून बसले तवाच कळलं असंल तुमाला. मघापास्नं गप ऐकून घेताय म्हणजे लबाडच हाय तुमी बी. लगीन झालंय का तुमचं? न्हाय? आन् दुसऱ्यांची बाळंतपणं करत फिरताय! धन्य हाय. बरं, मीच ती. भिगवणला शेजारी कुणी बाई न्हाय. शेजारी गॅरेज हाय. आता झालं समाधान?

पण लगीच नगा सांगू. आधी ऐकून घ्या, मग सांगा. त्या दिवशी तुमच्या खोलीत मी रडले, ध्यानात हाय ना? तुमी माझ्या पाठीवर हात फिरवला, म्हणला, आनंदाचं रडू येतंच मावशीला, न्हाय, काकूला. आनंदाचं! मी तिच्या मागं बसले व्हते पलंगावर, पाय पसरून, ती माझ्या अंगावर रेललेली, तुमीच बसवलं तसं, म्हणला, पाठ द्या तिला. भावजी तर पांढरं फटक पडलं व्हतं, पंख्याखाली बसवलं त्यांना. कळ आली की ती माझी मनगटं अशी आवळायची — हे बघा, अजून हिरवं हाय हितं. आन् कळ गेली की झोपायची, माझ्या खांद्यावर, एका मिनिटात. सरबत प्यायली. त्या मोठ्या फुग्यावर बसून डुलली. मधीच हसली बी, सिस्टर! बाळंतपणात बाई हसती, हे मी कुठं ऐकलं नव्हतं. ती जशी जशी जोर लावायची तसं माझं पोट बी आवळायचं, टाक्याची जागा ठणकायची. मला वाटायचं, हे माझं हाय. हे माझं व्हतं. हिला कसं काय मिळालं? हिनं काय येगळं केलं? चार व्हिडिओ बघितलं मोबाइलवर आन् नवऱ्याला म्हणली, मला तितंच जायचंय — झालं! मला कुणी इचारलं व्हतं, तुला कुठं जायचंय?

आन् मग तुमी ते यंत्र लावलं पोटाला. ठोकं ऐकायचं. आन् गप झाला. आठवतंय? जास्त न्हाय, एवढुसा येळ. दुसऱ्या सिस्टरकडं बघितलं, तिला कुशीवर वळवलं. मी मागं बसलेली, ती माझ्या छातीवर, आन् माझ्या मनात काय आलं सांगू? आता न्हेत्याल हिला बी. आता कळंल हिला बी. एवढं लख्ख आलं मनात. आन् ते आल्यावर, सिस्टर, मला बरं वाटलं! मेलीला बरं वाटलं मला, असं थंड थंड. तेवढ्यात तिनं मान वळवली आन् म्हणली, ताई, भ्या वाटतंय, सोडू नगा मला. मी म्हणलं, न्हाय सोडत. पोटात एक आन् तोंडात एक. मग तुमी हसला, ठोकं बरोबर झालं म्हणला, आन् मागनं सगळं भरभर झालं. लेकरू आलं ते तसंच, न पुसता, न धुता, तिच्या छातीवर ठिवलं तुमी. नाळ अजून उडत व्हती. लेकरानं रडायचं बी इसरून वर बघितलं, तिच्याकडं. पयली तीच. सगळ्यांच्या आधी तीच. तवा रडले मी. आता तुमीच सांगा, ते आनंदाचं व्हतं का?

कसली बाई मी. पर खरं सांगू, लाज वाटती तशी तेवढीच हाव बी वाटती. आजून वाटती. म्हणून इचारते. मला वाघीण नगं, स्टेटस नगं. मला फक्त एकदा, लेकरानं पयलं मला बघायला पायजे. बास. माझ्याआधी कुणाच्या हातात नगं जायला. आता सांगा. खरं सांगा, गोड बोलू नगा.

...

केंद्रात न्हाय. बरं. वाटलंच व्हतं. — काय? व्हय, ऐकतीय. आप्रेशनची खोली शेजारी असंल अशाच दवाखान्यात. व्हय. गेल्या येळंचा छेद कसा दिलाय त्याच्यावर... व्हय, आडवा हाय. आडवाच हाय, खाली. मग जमंल? नक्की न्हाय, पण कळा येऊ देत्याल? तारीख न ठरवता? फिरू देत्याल मला? आन् जरी पुन्हा फाडायची येळ आली तरी लेकरू लगीच छातीवर — असं बी असतंय? पडद्याच्या अल्याड? हे कुणी कसं सांगितलं न्हाय ओ मला! आन् तुमी येणार संगं? तुमी स्वतः? डॉक्टरबाई तयार हायेत त्याला? म्हणजे — बोलून बी ठेवलंय तुमी त्यांच्याशी?

थांबा. थांबा जरा. मी तर आत्ता इचारलं तुमाला. ह्या च्यावर. मग तुमी डॉक्टरबाईशी कवा बोलला? कुणाबद्दल बोलला?

...कुणी इचारलं?

संस्कृतीनं?

कवा? मागच्या खेपेला तुमी हिचा ताप बघायला आला तवा? मी तवा मागच्या दारी बाळुती धूत व्हते. हिची बाळुती धूत व्हते मी! आन् ही आत बसून तुमाला म्हणली... काय म्हणली? तसंच सांगा, तिच्याच शब्दात. ...‘आमच्या ताईंना दिवस गेल्यात, त्या कुणाला सांगणार न्हाईत, तुमीच बघा त्यांचं.’ बघा! हाय का! आत्याबाईंना न्हाय कळलं, नवऱ्याला न्हाय कळलं, आन् हिला ओल्या बाळंतिणीला बाजंवर पडल्या पडल्या कळलं. हिला कुणी सांगितलं व्हतं माझ्या पोटात डोकवायला? कौतुक हिचं, लाड हिचं, आन् आता माझं इचारायचं ते बी हिनंच? माझ्या आधी? एक गोष्ट — एक गोष्ट माझी मला इचारू द्यायची व्हती तिनं. मी हितं मघापास्नं खोट्या बाया उभ्या करतीय, तुमच्यापुढं जीव उघडा करतीय, आन् ते तिनं दोन वाक्यात... चांगलं असावं माणसानं, पण किती! दुसऱ्याला जळायला बी जागा ठेवू नये व्हय?

न्हाय, रडत न्हाय मी. धूर हाय. शेगडी पेटवलीया ना आत.

उठलं वाटतं लेकरू. व्हय, तिचाच आवाज, बघा कसं गोड बोलती लेकराशी. जावा तुमी आत. मी न्हाय येत, मला लाडू वळायचं हायत, आत्याबाई येतील एवढ्यात. जावा की. आन् हे बघा — तिनं इचारलंच, ताई काय बोलल्या, तर सांगा, काय बी न्हाय. च्या दिला, म्हणावं. मला काय बी इचारलं न्हाय, म्हणावं ताईंनी.

...सोमवारी म्हणला न्हवं, डॉक्टरबाई? सकाळी का दुपारची? सकाळी. बरं. जावा आत.